महाविष्णूच्या बँडमधला नारद, व्हिटनीच्या गाण्यातला ठेका

१९८७ च्या एप्रिलमध्ये चार शनिवार आले. ४ आणि ११ तारखेच्या ‘बिलबोर्ड’च्या हॉट १०० यादीत पहिल्या नंबरवर होतं स्टारशिप या बँडचं ‘नथिंग्ज गॉना स्टॉप अस नाऊ’. १८ तारखेला त्याला खाली ढकललं अरीथा फ्रँकलिन आणि जॉर्ज मायकलच्या ‘आय न्यू यू वेअर वेटिंग’नं, आणि २५ तारखेलाही तेच टिकून राहिलं. गायक वेगळे, गाण्यांचा बाज वेगळा. प्रोड्यूसर मात्र दोन्हींचा एकच. थोडक्यात, नारद मायकल वॉल्डेन त्या महिन्यात स्वतःकडूनच हरला आणि महिनाभर पहिलाही राहिला. जूनच्या शेवटी व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय वॉना डान्स विथ समबडी’ त्याच जागी जाऊन बसलं. तेही याचंच.

आणि हा गडी मुळातला ड्रमर. तोही साधासुधा नाही, ज्यांच्या मात्रा मोजता मोजता श्रोत्यांची बोटं संपायची अशा बँडमधला.

गिटारींच्या गावचा

जन्म २३ एप्रिल १९५२, मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी. हे गाव जगाला ठाऊक आहे ते गिब्सन गिटारींमुळे. कंपनीचा मूळ कारखाना तिथलाच. गावात गिटारी घडत होत्या, पोरगा मात्र काठ्या घेऊन बसला.

नारद हे नाव कुठून आलं?

मायकल हे घरचं नाव. ‘नारद’ दिलं श्री चिन्मय यांनी. हे मूळचे चितगावकडचे, तरुणपण पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात गेलं, आणि १९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन राहिले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतले भलेभले वादक त्यांच्या पायाशी बसले. गिटारवादक जॉन मॅक्लॉग्लिन झाला ‘महाविष्णू’, कार्लोस सँटाना झाला ‘देवदीप’, आणि आमचा ड्रमर झाला नारद. आता महाविष्णूच्या दरबारी नारद असणारच. गुरूंनी कास्टिंग चोख केलं होतं. पुराणातल्या नारदासारखी कळ लावण्याची ख्याती मात्र याची नाही. उलट ज्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, अशांना एका तालावर आणण्यातच याचा जन्म गेला.

पहिलीच परीक्षा, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा

मॅक्लॉग्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा पहिला ड्रमर बिली कोबम. त्याच्या हाताचा दरारा असा की त्याची रिकामी खुर्ची पाहूनच दुसऱ्याला घाम फुटावा. त्या खुर्चीवर वॉल्डेन बसला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पहिलाच अल्बम ‘अपोकॅलिप्स’ (१९७४): सोबतीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालनाला मायकल टिल्सन थॉमस, व्हायोलिनवर जाँ-ल्यूक पाँती आणि प्रोड्यूसरच्या जागी जॉर्ज मार्टिन. बीटल्सवाले मार्टिन, तेच.

शंभरभर वाद्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर ड्रम वाजवणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. ऑर्केस्ट्रा संचालकाच्या हाताकडे बघतो. बँड ड्रमरच्या हाताकडे बघतो. आणि ड्रमरला दोघांकडे बघावं लागतं. जोरात वाजवलं तर चेलो बुडतात, हळू वाजवलं तर गिटार मोकाट सुटते. कुठे वाजवायचं यापेक्षा कुठे हात आवरायचा, हे शिकायला याहून कडक शाळा नसावी.

पुढे या बँडबरोबर आणखी दोन अल्बम झाले, ‘व्हिजन्स ऑफ द एमराल्ड बियॉन्ड’ (१९७५) आणि ‘इनर वर्ल्ड्स’ (१९७६). एक गंमत इथेच सांगून टाकतो. १९७५ मध्ये मॅक्लॉग्लिनचे दोन संसार एकाच वेळी चालू होते: महाविष्णू आणि शक्ती. एकात ताल सांभाळायला हा नारद, दुसऱ्यात आपल्या माहीमचा झाकीर हुसेन. ताल सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत इतका नशीबवान गिटारवादक दुसरा झाला असेल तर तो मला माहीत नाही.

ड्रमरची चार गाणी

जेफ बेकचा ‘वायर्ड’ (१९७६) हा गिटारवाल्यांचा पवित्र ग्रंथ. एकूण रचना आठ. त्यातल्या चार वॉल्डेनच्या: ‘कम डान्सिंग’, ‘सोफी’, ‘प्ले विथ मी’ आणि ‘लव्ह इज ग्रीन’. म्हणजे गिटारच्या त्या गाजलेल्या अल्बमचा निम्मा मालमसाला ड्रमरच्या डोक्यातून आला. ‘लव्ह इज ग्रीन’वर तर तो ड्रम सोडून चक्क पियानोला बसला आहे. प्रोड्यूसर इथेही जॉर्ज मार्टिन. दोन वर्षांत दोनदा अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं, तर वादक नुसता वादक राहत नाही.

बोलावलं की हजर

सेशन ड्रमर म्हणजे रोजंदारीवरचा उस्ताद. सकाळी एकाचं जॅझ, संध्याकाळी दुसऱ्याचं रॉक. तालमीला वेळ नाही, नखरे चालत नाहीत, आणि श्रेय अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. १९७५ ते १९७९ या काळातली वॉल्डेनची हजेरी बघा. टॉमी बोलिनचा ‘टीझर’. वेदर रिपोर्टचा ‘ब्लॅक मार्केट’, त्यातल्या ‘कॅनन बॉल’मध्ये बेसवर नवखा जाको पास्टोरियस. त्याच जाकोच्या पहिल्या अल्बममधलं ‘कम ऑन, कम ओव्हर’. ॲलन होल्ड्सवर्थचा ‘व्हेल्व्हेट डार्कनेस’. रॉबर्ट फ्रिपचा ‘एक्स्पोजर’.

ही नावं जॅझ-रॉकच्या दर्दींना सांगून बघा, डोळे मोठे होतील. मग हळूच सांगा की हाच माणूस पुढे व्हिटनीकडे गेला. काहींचे डोळे लगेच बारीक होतात. ‘विकला गेला’ म्हणणारे तिकडेही कमी नव्हते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच.

तेरा वर्षांची गायिका

मधल्या काळात त्याने स्वतःही गाऊन बघितलं. १९७९ च्या ‘द डान्स ऑफ लाइफ’ अल्बममधलं ‘आय शुडा लव्ह्ड या’ ब्रिटनच्या यादीत ८ व्या नंबरपर्यंत चढलं. पण खरं घबाड दुसरीकडेच होतं. स्टेसी लॅटिसॉ नावाची वॉशिंग्टनची मुलगी, वय १३. तिचा ‘लेट मी बी युअर एंजल’ (१९८०) त्याने घडवला, आणि त्यातलं ‘जंप टू द बीट’ ब्रिटनमध्ये ३ ऱ्या नंबरवर गेलं. महाविष्णूकडे विषम मात्रांशी झुंजलेला माणूस आता शाळकरी पोरीसाठी सरळ चार मात्रांत नाचाची गाणी करत होता, आणि ती नेमकी लागत होती.

रेकॉर्डचा प्रोड्यूसर हा आपल्या सिनेमातल्या निर्मात्यासारखा पैसे लावणारा नव्हे, एवढं इथे सांगायला हवं. गाणं कुठल्या पट्टीत, किती लयीत, कुणी काय वाजवायचं, कोरस कधी उचलायचा, गायिकेचा कितवा टेक ठेवायचा, हे सगळं तो ठरवतो. संगीत संयोजक आणि दिग्दर्शक एकाच अंगरख्यात.

अरीथाचा फोन

१९८५ च्या अल्बमसाठी अरीथा फ्रँकलिनशी पहिली ओळख व्हायची होती. वॉल्डेननं फोनवर सहज विचारलं, वेळ कसा घालवता? बाई सांगू लागल्या: कधी क्लबात जाते, कोपऱ्यात एखादा देखणा दिसतो, तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे, शेवटी कोण कुणाला खेळवतंय तेच कळत नाही. फोन ठेवला तेव्हा गाणं जवळपास तयार होतं. ‘हूज झूमिन हू’ हे गाण्याचंही नाव झालं आणि अल्बमचंही. गप्पा मारणं हाही रेकॉर्डिंगचा भाग असतो, हे या माणसाला फार आधी कळलं होतं.

त्याच अल्बममधलं ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ हे खरं तर त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेलं. ते अरीथाला दिलं आणि गाण्यात ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडचा क्लॅरेन्स क्लेमन्स सॅक्सोफोन घेऊन आला. परिणाम: अरीथाला गायनाचं ग्रॅमी, आणि वॉल्डेन आणि जेफ्री कोहेन या जोडीला सर्वोत्तम आर अँड बी गाण्याचं. स्वतःचं गाणं देऊन टाकण्याचा इतका घसघशीत मोबदला क्वचितच मिळतो.

अरीथाबाईंनी तोवर विमानाची धास्ती घेतली होती. त्या डेट्रॉइट सोडेनात. मग कॅलिफोर्नियाचा प्रोड्यूसरच डेट्रॉइटला जाई.

सुरुवातीला सांगितलेलं जॉर्ज मायकलबरोबरचं गाणं याच्या पुढचं. अमेरिकेत अरीथाचं आधीचं पहिल्या नंबरचं गाणं होतं ‘रिस्पेक्ट’, १९६७ चं. मध्ये २० वर्षं गेली होती. ब्रिटनमध्ये तर त्याआधी ती कधीच पहिली आली नव्हती.

‘कोण व्हिटनी?’

अरीथाचं काम चालू असतानाच अरिस्टा कंपनीचा जेरी ग्रिफिथ मागे लागला: एक नवी मुलगी आहे, तिचं एकच गाणं करून दे. वॉल्डेननं तिचं नावही ऐकलेलं नव्हतं, हातात वेळही नव्हता. पण ग्रिफिथ चिकट निघाला. गाणं होतं ‘हाऊ विल आय नो’, मुळात जॅनेट जॅक्सनसाठी लिहिलेलं, तिच्याकडून परत आलेलं.

वॉल्डेनला डेमो पसंत पडेना. बदल करू देत असाल तरच करतो, म्हणाला. लेखक-संगीतकार जोडी जॉर्ज मेरिल आणि शॅनन रुबिकॅम आधी नाहीच म्हणाले. बऱ्याच ताणाताणीनंतर मान्य झाले. मग याने लय बदलली, स्वरमेळ बदलले, आणि गीतकारांच्या यादीत तिसरं नावही लागलं. कोरसमध्ये व्हिटनी स्वतः आणि तिच्या आई सिसी ह्यूस्टन. १९८६ च्या फेब्रुवारीत गाणं पहिल्या नंबरवर.

त्याच मेरिल-रुबिकॅमचं ‘आय वॉना डान्स विथ समबडी’ आलं तेव्हाही नारदमुनी प्रसन्न नव्हते. डेमो ऐकून त्याला रोडिओतलं कंट्री गाणं आठवलं, म्हणजे घोडे, टोप्या आणि धुरळा. त्याने ते काळ्या अमेरिकेच्या फंकमध्ये ओढून आणलं. आज ज्या ठेक्यावर लग्नांच्या डीजे-रात्री उड्या मारतात, तो ठेका कागदावर नव्हता. व्हिटनीला यावर ग्रॅमी मिळालं.

आता हिशेब. व्हिटनीची ओळीने सात गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. त्याआधी बीटल्स आणि बी जीज यांचा विक्रम सहाचा. त्या सातांतली तीन मायकल मॅसरची आणि चार वॉल्डेनची: ही दोन, शिवाय ‘सो इमोशनल’ आणि ‘व्हेअर डू ब्रोकन हार्ट्स गो’. शेवटचं गाणं तर व्हिटनीला गायचंच नव्हतं, अरिस्टाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी गळ घालून गाऊन घेतलं.

‘विकला गेला’वाल्यांना माझं उत्तर इथे आहे. ही गाणी ऐकताना एकदा गायिकेकडे मुद्दाम दुर्लक्ष करा, अवघड आहे पण करा. ड्रम्स आणि बेस तिचा श्वास कुठे संपतो ते ओळखून वाजतात. तान घेताना मागे सरकतात, ती थांबली की जागा भरतात. त्या काळात स्टुडिओंत ड्रम मशीन शिरलं होतं आणि सेशन ड्रमरांच्या पोटावर पाय येत होता. वॉल्डेननं मशीनही वापरलं आणि हातही, पण दोन्हींकडून काम घेतलं ते साथीचं. महाविष्णूकडेही तो हेच करत होता, फक्त तिथे मुख्य गायकाच्या जागी दोन मानांची गिटार होती.

सत्तेचाळीसची पोक्त पहिली

स्टारशिपचं ते एप्रिलचं गाणं ‘मॅनेक्विन’ या सिनेमातलं. गायिका ग्रेस स्लिक तेव्हा ४७ वर्षांची. पहिल्या नंबरवरची सर्वांत वयस्क स्त्री हा तिचा मान टिकला थेट १९९९ पर्यंत. मग ‘बिलीव्ह’ घेऊन शेर आली, वय ५२.

१९८८ च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षाचा सर्वोत्तम प्रोड्यूसर कोण ठरला, हे आता वेगळं सांगायला नको.

बाँड, ऑलिंपिक, बॉडीगार्ड

भराभर. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या निमित्तानं निघालेलं व्हिटनीचं ‘वन मोमेंट इन टाइम’: प्रोड्यूसर वॉल्डेन. १९८९ च्या बाँडपटाचं शीर्षकगीत ‘लायसन्स टू किल’, ग्लॅडिस नाइटच्या आवाजात: लेखनातही, निर्मितीतही वॉल्डेन. ‘द बॉडीगार्ड’मधलं ‘आय ॲम एव्हरी वुमन’: वॉल्डेन. मराया कॅरीचं ‘आय डोन्ट वॉना क्राय’, १९९१ मध्ये पहिला नंबर: दोघांनी मिळून लिहिलेलं, निर्मिती वॉल्डेनची.

चेले

त्याच्या स्टुडिओत कीबोर्ड वाजवणारा एक तरुण होता, वॉल्टर अफानासिएफ. काम बघत शिकला आणि पुढे मराया कॅरीबरोबर ते नाताळचं गाणं केलं, जे दर डिसेंबरला जगभरच्या मॉलमध्ये वाजतं. बेसवर असायचा रँडी जॅक्सन, जो नंतर ‘अमेरिकन आयडॉल’चा परीक्षक झाला.

स्टुडिओचा पत्ता

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सॅन राफाएल. नाव ‘तर्पण स्टुडिओज’. दचकू नका, तिथे माणसं जिवंत परततात. त्याच गावात उस्ताद अली अकबर खाँ यांचं संगीत महाविद्यालय, आणि झाकीरभाईंनीही घर केलं ते याच परगण्यात. मॅक्लॉग्लिनच्या दोन बँडांचे दोन तालवाले असे शेजारी झाले.

पुन्हा खुर्चीवर

प्रोड्यूसर म्हणून एवढं झाल्यावर माणूस काठ्या भिंतीवर टांगतो. याने टांगल्या नाहीत. २०१० मध्ये जेफ बेकच्या दौऱ्यावर पुन्हा ड्रम्सवर हाच. २०२० मध्ये जर्नी या जुन्या रॉक बँडची ड्रमर आणि बेसवादकाशी फारकत झाली, तेव्हा बोलावणं गेलं वॉल्डेन आणि रँडी जॅक्सनला. दरम्यान हृदयविकाराच्या झटक्यानं त्याला गाठलं आणि मंचावर बँडच्या एका जुन्या ड्रमरला, डीन कॅस्ट्रोनोव्होला, परतावं लागलं. पण ‘फ्रीडम’ हा अल्बम, जर्नीचा ११ वर्षांतला पहिला, २०२२ च्या जुलैत आला तो वॉल्डेनच्या ड्रम्ससह आणि त्याच्याच निर्मितीत. तेव्हा त्याने सत्तरी नुकतीच ओलांडली होती.