एकवीस नंबरची झडप

पहाटे ५.१०
बदलापूरची लोकल. सिस्टरांना चौथी सीट मिळाली आहे. पुढचे कितीतरी तास उभंच राहायचं, म्हणून त्या ती सोडत नाहीत. घरून निघताना अर्धा कप चहा घेतला, पाणी घोटभरच. एकदा हात धुऊन ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहिलं की मध्ये बाथरूमला जाता येत नाही. पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात, म्हणून घट्ट मोजे. जोडी ९०० रुपयांना, वर्षाला दोन लागतात. नोकरी कंत्राटावर, महिन्याला हातात ३२ हजार. मोजे त्यातूनच.

सकाळी ७.२०
मुंबईतल्या एका रुग्णालयातलं हृदयाचं ऑपरेशन थिएटर. वॉर्डबॉय मामांनी लादी पुसून घेतली आहे. सिस्टर कोपरापर्यंत हात घासतात, गाऊन चढवतात, ट्रॉली मांडतात. क्लॅम्प, चिमटे, नीडल होल्डर. मग मोजणी. मॉप, गॉझ, सुया. त्या मोठ्याने आकडा म्हणतात, दुसऱ्या सिस्टर फळ्यावर लिहितात.

८.४०
आजी आल्या. सोलापूरकडच्या, वय ६८, माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ बाहेर मुलाकडे दिली आहे. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप कॅल्शियम साचून कडक झाली आहे. चार पायऱ्या चढल्या की भोवळ येते.

काल वॉर्डात डॉक्टरांनी सगळं समजावलं. धातूची झडप जास्त टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. जनावराच्या ऊतीची झडप साधारण दहा-पंधरा वर्षं चालते, पण ती गोळी कायमची लागत नाही. जनावर कोणतं, हेही त्यांनी सांगितलं. काही झडपा डुकराच्या असतात. काही गाय-बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणातून कापून, हाताने शिवून केलेल्या. हे सही घेण्याआधीच सांगायला हवं, समोरच्याला कळेल अशा बोलीत. घाईत सांगणं म्हणजे न सांगणंच.

आजींनी आधी मुलाला विचारलं, रक्त तपासायला जायचं तर काय पडेल? “दर खेपेला एक दिवसाची मजुरी जाती, आई.” मग जनावराचा विचार केला. “गाय-बैलाची चालंल. त्यांच्याच जिवावर घर चाललं.” कागदावर अंगठा उठला.

१०.१५
छाती उघडली आहे. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं. पुरेसा परिणाम झाल्याचं परफ्युजनिस्ट सांगतात, हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप सुरू होतो. महाधमनीला क्लॅम्प लागतो आणि हृदय थांबवलं जातं. इथून प्रत्येक मिनिटाचा हिशेब. जुनी झडप तुकड्या-तुकड्याने निघते. चिमटा परत आला की सिस्टर त्याचं टोक ओल्या गॉझने पुसतात. कॅल्शियमचा एक कण आत राहिला, तर तो मेंदूत जाऊ शकतो.

१०.५०
सर्जन मापं लावून पाहतात. “एकवीस.”

झडपेची बरणी उघडायची ती आत्ताच. एकदा उघडली की परत ठेवता येत नाही, आणि तिची किंमत सिस्टरांच्या दोन पगारांहून जास्त. दुसऱ्या सिस्टर लेबल मोठ्याने वाचतात, तारीख, माप, क्रमांक. बरणीचा बाहेरचा भाग निर्जंतुक नसतो, त्याला स्पर्श न करता आमच्या सिस्टर चिमट्याने झडप उचलतात. ती ज्यात बुडवून ठेवलेली असते, त्या ग्लुटारल्डिहाइडचा वास डोळ्यांत चुरचुरतो. झडपेला शिवलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक लेबलाशी जुळतो. मग चिठ्ठीचा दोरा कापायचा.

दोन बाऊल, प्रत्येकात अर्धा लिटर ताजं सलाईन. प्रत्येकात झडप किमान एक मिनिट हळूहळू हलवत धुवायची. सिस्टर घड्याळाकडे बघून सेकंद मोजतात. सर्जन हात पुढे करून थांबलेत. त्या मिनिट पुरं होऊ देतात.

ग्लुटारल्डिहाइड हे रसायन पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झडपांसाठी वापरात आणलं. त्याने ऊती पक्की होते, तिच्यातल्या पेशी जिवंत राहत नाहीत. म्हणून शरीर तिला जिवंत अवयवासारखं झिडकारत नाही. ७ जानेवारी २०२२ ला बाल्टिमोरमध्ये डेव्हिड बेनेट यांना जनुकं बदललेल्या डुकराचं जिवंत हृदय बसवलं, ते दोन महिने जगले. त्याची बातमी जगभर झाली. त्याच बेनेटना साधारण दहा वर्षांपूर्वी डुकराची झडपही बसवलेली होती. ती बसवली तेव्हा बातमी झाली नाही.

११.१०
हिरवा टाका, पांढरा टाका, पुन्हा हिरवा. दोरे गुंतू नयेत म्हणून दोन रंग. एकेक सुई झडपेच्या कडेतून जाते. सिस्टरांच्या डाव्या हातात सलाईनची सिरिंज आहे, त्या झडपेवर थेंब सोडत राहतात. ऊती सुकली तर खराब होते. मग झडप दोऱ्यांवरून खाली सरकते, जागेवर बसते. गाठी पडतात.

दुपारी १.३०
हृदय आपलं आपण चाललंय. पंप बंद. छाती शिवण्याआधी पुन्हा मोजणी. एक सुई कमी. सगळे थांबतात. मामा चुंबक लावलेली काठी लादीवर फिरवतात. टेबलाच्या चाकाशी सुई सापडते. फळ्यावर खूण होते.

३.१५
सिस्टर पहिल्यांदा पोटभर पाणी पितात. डब्यात मेथीची भाजी, गार पोळी. एका हाताने जेवण, दुसऱ्याने कागद. झडपेचं स्टिकर केसपेपरवर, रजिस्टरमध्ये, आणि सरकारी योजनेच्या फाइलवर. फाइलवरचं राहिलं तर बिल अडकतं.

४.४०
आजी आयसीयूत आहेत. सिस्टर बाहेर मुलाला एक छोटं कार्ड देतात. झडपेचं माप, क्रमांक, आजची तारीख. तो ते पाकिटात ठेवतो. “घरी नुसतं जपून ठेवू नका,” त्या सांगतात, “डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.”

तुमच्या घरात कुणाला अशी झडप असेल, तर दात काढण्याआधी ते कार्ड दाताच्या डॉक्टरांना दाखवा. हिरड्यांतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू शकतात. त्यासाठी आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.