पिढ्यांचा हिशेब

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहराच्या जुन्या भागात ‘गोल बाजार’ ही प्रसिद्ध बाजारपेठ आहे. पूजेचे साहित्य, मसाले, भांडी, लग्नाचे सामान यांच्या खरेदीसाठी लोक येथे येतात. रायपूरचा मराठी भाषेशीही जुना संबंध आहे. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. पुढे इंग्रजी अमलातही आणि त्यानंतर १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली.

अशा जुन्या बाजारपेठांत दुकान बहुधा वडिलांकडून मुलाकडे जाते. कधी कधी आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच दुकानात काम करतात. पिढ्यांमधील नाते कोठे ताणले जाते आणि कोठे जुळते, हे समजून घेण्यासाठी बाजारासारखी दुसरी जागा नाही.

वृद्धत्वाविषयी मराठीत दोन परस्परविरोधी म्हणी आहेत. एक म्हण सांगते, ‘जुने ते सोने’. दुसरी म्हणते, ‘साठी बुद्धी नाठी’. पहिली म्हण वृद्धांच्या तोंडी असते, तर दुसरी तरुणांच्या. यांपैकी खरी कोणती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५७ साली घडलेला एक बदल पाहावा लागेल.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोपर्यंत एका रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता एका रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे हा हिशेब सरळ होता. परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत आणि सव्वासहा पैशांचे नाणे तर नव्हते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस नवे पैसे असे ठरवावे लागले. पाठोपाठ वजनेही बदलली. मण, शेर, छटाक आणि तोळा यांच्या जागी किलोग्रॅम व ग्रॅम आले. एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम.

ज्यांची हयात आणे-पैच्या हिशेबात गेली होती, तोंडी हिशेबात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते वडीलधारे एका दिवसात अडाण्यासारखे झाले. शाळेत नवे कोष्टक शिकलेली मुले त्यांना हिशेब समजावून सांगू लागली. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची असलेली ती मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. २०१६ पासून मोबाइलवरून थेट बँकेच्या खात्यात पैसे देण्याची नवी पद्धत आली. ती शिकताना आता तेच नातवाकडे वळतात. त्यांची बुद्धी ‘नाठी’ झालेली नाही. फक्त जगाचे माप पुन्हा एकदा बदलले आहे.

हे ध्यानात घेतले, म्हणजे वृद्धांच्या मनातील बोच कळते. वय वाढल्याने गुडघे दुखतात, ऐकू कमी येते. परंतु त्याहून अधिक दुखते ते ‘आता आपले काही काम उरले नाही’ ही भावना. नातू मोबाइल हातातून काढून घेऊन “तुम्हाला नाही जमणार, आजोबा,” असे म्हणतो, तेव्हा तो काम लवकर उरकत असतो. आजोबांना मात्र ते शब्द आयुष्यभराच्या शहाणपणाचा अव्हेर वाटतात. उलट, “आमच्या वेळी असे नव्हते,” हे वाक्य वारंवार ऐकून तरुणही दुखावतो. त्यालाही आपले कष्ट कोणी पाहत नाही असे वाटते.

हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. आयुर्मान वाढल्यामुळे ही संख्या वाढतच आहे. २००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी कायदा केला. मुले सांभाळत नसतील, तर वृद्धांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कायद्याने पोटापाण्याची तजवीज होते. परंतु घरातील मान आणि दोन आपुलकीचे शब्द कायद्याने मिळत नाहीत.

तो मान देवाणघेवाणीतून मिळतो. मसाल्याचा वास घेऊन माल जुना की ताजा हे ओळखणे, कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यावे हे जाणणे, ही विद्या मोबाइलमध्ये नाही. ती आजोबांकडून घ्यावी लागते. त्याच वेळी आजोबांनीही नवे शिकण्याचा संकोच सोडला पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोहोचवण्यासाठी मंडळ स्थापन केले. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या आणि नातवंडे घरी त्यांचा अभ्यास घेऊ लागली. नातवंडांकडून शिकताना त्यांचे मोठेपण कमी झाले नाही.

आणे केव्हाच चलनातून गेले. तरीही एखादी गोष्ट पूर्ण खरी असली, की तरुणसुद्धा ती ‘सोळा आणे खरी’ असल्याचे सांगतात. भाषेने जुने नाणे टाकून दिले नाही आणि नवे नाकारलेही नाही. आज जो शिकवतो आहे, त्याला उद्या शिकावे लागणार आहे. हे जाणून जी माणसे एकमेकांना धीराने शिकवतात, त्यांच्या घरात पिढ्यांचा हिशेब चुकत नाही.