चैत्री पौर्णिमेचे आकाश

आपल्या महिन्यांची नावे आकाशातून आलेली आहेत, ही गोष्ट तिथी तोंडपाठ असणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो, तो चैत्र. 'आसपास' अशासाठी की, एखाद्या वर्षी तो हस्तात किंवा स्वातीतही सापडतो.

याचा पडताळा कळंबमध्ये घराच्या गच्चीवरूनही घेता येतो. (घोड नदीकडची शेते अधिक मोकळी खरी, पण उसात बिबट्या असतो, तेव्हा गच्चीच बरी!) सूर्य मावळतो त्याच सुमारास समोर पूर्वेला चंद्र उगवतो. चांदण्यात बारीक तारे बुडून जातात. तरी रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे, जरा ईशान्येस, सप्तर्षी ओळखता येतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, आणि त्याच वळणावर आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा.

अर्थात आकाश दिसले तर! खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे एक बरे आहे. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांना ढगांचा वा चांदण्याचा फारसा अडथळा होत नाही. आपल्या डोळ्यांना मात्र चैत्रातली धूळ आणि वळवाचे ढग दोन्ही आडवे येतात.

याच दिवसांत शेतात कांदा काढून पडलेला असतो आणि चंद्राला खळे पडले की घरोघरी चिंता सुरू होते. खळे म्हणजे काय? फार उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतून चंद्रप्रकाश वळतो आणि सुमारे 22 अंशांवर कडे दिसते; हात लांब करून वीत ताणली तर चंद्रापासून साधारण तेवढ्या अंतरावर. ते उंचावरच्या ओलाव्याची खूण आहे, उद्याच्या पावसाची हमी नव्हे. उलट वळवाचा ढग दुपारच्या उन्हाने दोन-तीन तासांत उभा राहतो. आदल्या रात्रीचे स्वच्छ चांदणे त्याची कसलीच वर्दी देत नाही. म्हणून खळे दिसले नाही एवढ्यावर विसंबून कांदा उघडा टाकणे धोक्याचे.

वळीव पडून गेला की धूळ खाली बसते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री दहापर्यंत अंधार मिळतो आणि चित्रेभोवतीचे बारीक तारेही दिसू लागतात.