स्थौल्यशस्त्रकर्म झालेला रुग्ण आणि वैद्याची जबाबदारी

स्थौल्य हा विषय आपणा वैद्यांना नवीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूलाची गणना आठ निंदित पुरुषांमध्ये केलेली आहे. कार्श्यापेक्षा स्थौल्याची चिकित्सा अवघड, हेही तेथे स्पष्टपणे सांगितलेले आहे. नवीन आहे तो आपल्या दारात येणारा रुग्ण. मोठ्या शहरात जाऊन वजन कमी करण्याचे शस्त्रकर्म करून घेतलेला हा रुग्ण गावी परततो आणि अम्लपित्त, छर्दी, केस गळणे, अशक्तपणा अथवा पुन्हा वाढू लागलेले वजन यांसाठी आपल्याकडे येतो. शस्त्रकर्म करणारा शल्यतज्ज्ञ दूर असतो, आपण जवळ असतो.

या शस्त्रकर्माचे समर्थन करणे अथवा त्याला विरोध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच की, असा रुग्ण दिसावयास स्थूल असला तरी त्याची चिकित्सा ही स्थौल्याची चिकित्सा नव्हे. हे ध्यानात न घेतल्यास काय घडते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी पस्तिशीतील एक स्त्रीरुग्ण भावासह चिकित्सालयात आली. शस्त्रकर्माला सात आठवडे झाले होते आणि तीन आठवड्यांपासून तिला वारंवार उलट्या होत होत्या. वजन झपाट्याने उतरत असल्याने घरची मंडळी समाधानी होती. मी अम्लपित्ताचे निदान करून सूतशेखर आणि कामदुधा दिले व लघु आहार सांगितला. प्रत्यक्षात दिवसाकाठी पोटात किती अन्न टिकते, हा प्रश्न मी विचारलाच नाही. पाचव्या दिवशी ती भिंतीचा आधार घेत आत आली. डोळ्यांची बुबुळे हलत होती, बोलण्यात विसंगती होती. एका फिजिशियन मित्रास दूरध्वनी केला. त्याने तत्काळ रुग्णालयात आणावयास सांगितले आणि शिरेतून थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, सुरू केले. ती वाचली, परंतु चालण्यातील अस्थिरता जावयास कित्येक महिने लागले. ते पाच दिवस माझ्या हातून गेले, याची खंत आजही आहे.

शस्त्रकर्माचे स्वरूप

सध्या प्रामुख्याने दोन शस्त्रकर्मे केली जातात. पहिले स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात आमाशयाचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरे गॅस्ट्रिक बायपास. यात आमाशयाच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. त्यामुळे उर्वरित आमाशय व ग्रहणी यांना वगळून अन्न पुढे जाते.

केवळ जागा कमी झाल्याने वजन उतरते, असा समज आहे. तो अपुरा आहे. स्लीव्हमध्ये भूक वाढविणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे मुख्य उगमस्थान निघून जाते. दोन्ही शस्त्रकर्मांनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्ती देणारी संप्रेरके वाढतात. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच खाली येते, त्याचे एक कारण हे आहे.

शस्त्रकर्म कोणास योग्य, याचे निकषही बदलले आहेत. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ किंवा अधिक, अशी मर्यादा सांगितली होती. २०२२ मध्ये अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी सहव्याधी असो वा नसो, ३५ पासून शस्त्रकर्माची शिफारस केली. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह जडतो, हे लक्षात घेऊन त्यांच्याकरिता २७.५ पासून हा पर्याय द्यावा, असेही सुचविले. साहजिकच असे रुग्ण यापुढे आपल्याकडे अधिक संख्येने येतील.

सुरक्षितता

या शस्त्रकर्मांचा आरंभीचा इतिहास फारसा चांगला नाही. १९५४ मध्ये पुढे आलेल्या जेजुनो-इलिअल बायपासमध्ये लहान आतड्याचा फार मोठा भाग वगळला जाई. वजन उतरे, परंतु यकृत निकामी होणे, मूतखडे, तीव्र कुपोषण असे उपद्रव उद्भवत. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आजची शस्त्रकर्मे तिच्याहून बरीच सुरक्षित आहेत. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांचा मागोवा घेऊन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. मोठा उपद्रव ४.३ टक्के रुग्णांत आढळला. म्हणजे हजारात तीन मृत्यू, आणि साधारणतः तेविसात एकास गंभीर अडचण. हा धोका मोठा नाही, पण शून्यही नाही. रुग्णाला तो याच शब्दांत सांगावा.

परिणाम

सर्वांत दीर्घ अनुभव स्वीडनमधील एसओएस या अभ्यासाचा आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रकर्म केलेले २,०१० व न केलेले २,०३७ रुग्ण होते. दहा वर्षांनंतर शस्त्रकर्म झालेल्यांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी १६ टक्क्यांनी कमी होते. इतरांचे किंचित वाढलेले होते. मधुमेही रुग्णांपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी शमलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रकर्म झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्या स्थूल रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते, तथापि सर्वसाधारण जनतेपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. या अभ्यासातील बहुतेक शस्त्रकर्मे जुन्या पद्धतीची होती, हेही लक्षात ठेवावयास हवे.

नव्या पद्धतींविषयी सांगावयाचे तर, १५० मधुमेही रुग्णांवरील स्टॅम्पीड अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली असणाऱ्यांचे प्रमाण केवळ औषधोपचारात ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि बायपासमध्ये २९ टक्के होते. लाभ निश्चित आहे. मात्र पाच वर्षांनी बहुसंख्य रुग्ण या उद्दिष्टाबाहेरच होते. म्हणून 'मधुमेह कायमचा गेला' असे कोणत्याही रुग्णास सांगू नये.

एक गंभीर बाब क्वचितच बोलली जाते. अमेरिकेतील युटा राज्यात बायपास झालेल्यांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकंदर मृत्यू ४० टक्क्यांनी घटलेले दिसले. परंतु अपघात, आत्महत्या यांसारख्या व्याधीव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू वाढलेले होते. शरीर बदलले तरी मनाची स्थिती वेगळी पाहावी लागते. नाडीपरीक्षा करताना झोप, उत्साह, मद्यपान आणि घरातील वातावरण यांची विचारपूस अवश्य करावी.

धातुक्षयाची बाजू

बायपासमध्ये लोह व कॅल्शिअम यांचे शोषण होणारा ग्रहणीचा भाग वगळला जातो. आमाशयाचा भाग गेल्याने ब-१२ चे शोषणही मंदावते. आपल्याकडील शाकाहारी समाजात ब-१२ ची कमतरता मुळातच पुष्कळ आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतले असल्यास तीत भर पडते. म्हणून या रुग्णांना जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व आजन्म घ्यावे लागते.

'या गोळ्यांनी उष्णता होते, त्याऐवजी काही आयुर्वेदिक द्या,' अशी मागणी अनेक रुग्ण करतात. येथे वैद्याने ठाम राहिले पाहिजे. मंडूर अथवा लोहभस्म आपल्या जागी योग्य आहे, पण शोषणाचे स्थानच वगळले गेले असता केवळ तोंडावाटे दिलेल्या लोहावर विसंबता येत नाही. फेरिटिन तपासावे आणि गरज पडल्यास शिरेतून लोह देण्यासाठी रुग्णास पाठवावे. चालू असलेल्या पूरक गोळ्या आपण कधीही बंद करू नयेत. लोह आणि कॅल्शिअम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहा व त्रिफळा यांतील कषाय द्रव्येही लोहासोबत देऊ नयेत.

आपल्या कल्पांविषयी सावधगिरी

१. लंघन, लेखन, वमन आणि तीव्र विरेचन टाळावे. आधीच अल्पाहारी असलेल्या रुग्णाचे अपतर्पण म्हणजे कुपोषणास आमंत्रण. वमन आणि वमनधौती यांनी अरुंद झालेल्या आमाशयावर ताण येतो.

२. अवलेह, पाक, गूळ आणि मधाचे अनुपान यांबाबत विचार करावा. बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, अतिसार होतो. यास डम्पिंग म्हणतात. काही रुग्णांत जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तशर्करा अतिशय खालीही जाते.

३. आसव-अरिष्टे टाळावीत. त्यांत स्वयंजनित मद्य असते व त्याचे प्रमाण लेबलावर छापलेले असते. या शस्त्रकर्मांनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य रक्तात लवकर व अधिक प्रमाणात पोहोचते. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या अतिरेकी सेवनाचे विकार वाढल्याचे दिसून आले आहे.

४. उलट्या अथवा अतिसार होणाऱ्या रुग्णास ज्येष्ठमध अधिक मात्रेत आणि सोनामुखीयुक्त चूर्णे देऊ नयेत. पोटॅशिअम आणखी घटण्याचा धोका असतो.

५. मधुमेहाच्या आधुनिक औषधांची मात्रा शस्त्रकर्मानंतर झपाट्याने कमी करावी लागते. अशा वेळी शर्करा उतरविणारे कल्प रक्तशर्करा मोजल्यावाचून जोडू नयेत.

६. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रुग्ण स्वतःहून घेतो काय, हे विचारावे. बायपासनंतर अशा गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो.

आपण देऊ शकतो तेही थोडे नाही. शस्त्रकर्मानंतर द्रवाहारापासून घनाहारापर्यंत जो क्रम सांगितला जातो, तो आपल्या संसर्जनक्रमाशी मिळताजुळता आहे. मात्र पेया-विलेपीत पिष्ट अधिक व प्रथिने कमी असतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणून मुद्गयूष, दही, पनीर आणि चालत असल्यास अंडी यांचा विचार करावा. सावकाश चावून खाणे, थोडे थोडे खाणे, जेवताना पाणी न घेणे या बाबी रुग्ण आपल्या तोंडून ऐकतो तेव्हा त्या अधिक पाळतो, असा माझा अनुभव आहे.

तत्काळ पाठवावयाची लक्षणे

पहिल्या काही आठवड्यांत मिनिटाला १२० हून अधिक नाडी, ताप, श्वास लागणे, पोटात वा डाव्या खांद्यात वेदना ही टाके गळत असल्याची लक्षणे असू शकतात. पोट मऊ लागले म्हणून थांबू नये. पिंडरीला सूज अथवा अचानक दम लागल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. सततच्या उलट्यांसोबत दृष्टिदोष, तोल जाणे किंवा गोंधळ दिसल्यास थायमिनची उणीव समजावी; अशा रुग्णास थायमिन देण्यापूर्वी सलाईनमधून ग्लुकोज देऊ नये. बायपासनंतर काही वर्षांनीही जेवणानंतर मुरडून येणारा शूल उद्भवल्यास आतडे अडकण्याची शक्यता असते. हिंग्वष्टक देऊन घरी पाठवू नये. उजव्या कुशीतील शूल पित्ताश्मरीचा असू शकतो, कारण वजन झपाट्याने उतरताना खडे होतात.

फार्मसीचालकांना विनंती

वजन पुन्हा वाढू लागलेला रुग्ण प्रथम दुकानातच येतो आणि मेदोहर औषध मागतो. 'पोटाचे शस्त्रकर्म झाले आहे काय?' हा एक प्रश्न दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने विचारावा आणि उत्तर होकारार्थी आल्यास वैद्याच्या पत्राशिवाय औषध देऊ नये. स्थौल्य बरे करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. २०११ मध्ये भारतात बंदी आलेले सिब्युट्रामिन वजन उतरविणाऱ्या तथाकथित वनौषधींत मिसळलेले अनेक देशांत आढळले आहे. म्हणून मालाचा उगम आणि परवाना पाहिल्यावाचून असा माल ठेवू नये.

समारोप

केसपेपरवर पूर्वीच्या शस्त्रकर्माचा रकाना आपण सर्वच भरतो. त्यापुढे आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते शस्त्रकर्म व कधी झाले, दिवसाकाठी पोटात किती अन्न टिकते, आणि कोणत्या पूरक गोळ्या चालू आहेत. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी होतात की नाही, हे पाहावे. स्त्रीरुग्णास पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावयास सांगावे.

या नोंदीस दोन मिनिटे पुरतात. त्या स्त्रीरुग्णाच्या बाबतीत मी ती दोन मिनिटे दिली असती, तर पाच दिवस वाया गेले नसते.