पत्र बिघडते कुठे?

घरात संगणक आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ एक नवी चिंताही येते. पंखा बिघडला तर फिरत नाही, रेडिओ बिघडला तर मुका होतो. संगणकाचे तसे नाही. तो चालू असतो, पडदा उजळलेला असतो, आणि तरीही ज्या कामासाठी आपण त्याच्यापुढे बसलो ते काम काही होत नाही. मग घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवू लागतो. कोणी म्हणतो, बंद करून पुन्हा चालू करा. कोणी म्हणतो, सगळं काढून नव्यानं टाका. उपायांच्या या गर्दीत मूळ दोष कुठे आहे हा प्रश्न मागेच राहतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू या.

उदाहरण सानपाड्याचे घेऊ. हार्बर मार्गावर वाशी आणि जुईनगर यांच्या मध्ये असलेली ही नवी मुंबईची वस्ती. गृहनिर्माण संस्था तिथे पुष्कळ. समजा, अशा एका संस्थेच्या चिटणिसांनी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना ई-मेलने पाठविली. सूचना मराठीत आहे, आणि तिला काही वर्षांपूर्वीचे एक इतिवृत्त जोडले आहे. आदर्श उपविधींप्रमाणे अशी सूचना सभेच्या चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे वेळ दवडून चालणार नाही. पण संध्याकाळपर्यंत तक्रारी सुरू झाल्या. एकाला अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दुसऱ्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तिसऱ्याला कोणी तरी पुढे धाडलेली प्रत मिळाली, तीत नुसती प्रश्नचिन्हे. चौथ्याला तर पत्रच मिळाले नाही. चिटणिसांना वाटते, आपला संगणक बिघडला. वस्तुतः हे चार वेगळे दोष आहेत, आणि प्रत्येकाचे रूपच त्याचे ठिकाण सांगून देते.

हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो, आणि फॉन्ट म्हणजे त्या क्रमांकासमोर काढून ठेवलेले चित्र. पत्रातून साधारणतः क्रमांक जातात. चित्र वाचणाऱ्याच्या यंत्रावरचे वापरले जाते. पूर्वी मराठी छपाईत जे फॉन्ट रूढ झाले, त्यांतल्या अनेकांनी रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविले होते. तो फॉन्ट ज्याच्याकडे असेल त्याला मराठी दिसे, नसेल त्याला रोमन. ही अडचण युनिकोडने दूर केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखून ठेवलेला होता. मात्र तो घराघरांत पोचायला बरीच वर्षे गेली, आणि तोवरची असंख्य इतिवृत्ते, पत्रे, याद्या जुन्याच पद्धतीने लिहून झाली.

आता पहिले सभासद घ्या. त्यांना चौकोन दिसतात. याचा अर्थ असा, की क्रमांक बिनचूक आला आहे, पण त्याचे चित्र त्यांच्या यंत्रावर नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि रुपयाचे नवे चिन्ह २०१० साली. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ही चित्रे असणार कुठून? म्हणून सगळे पत्र नीट दिसून एखाद्याच ठिकाणी चौकोन आला तर मुळीच घाबरू नये. पत्र शाबूत आहे. तेच पत्र नव्या फोनवर उघडावे, किंवा संगणकावर नवा फॉन्ट घालावा. पाठविणाऱ्याने काहीही करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या सभासदांना रोमन कचरा दिसतो. तो जरा निरखून पाहा. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन लिपीतले ‘ए’ हे अक्षर त्यात पुन्हा पुन्हा येते का? येत असेल तर ते युनिकोडच आहे, वाचताना चुकले आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एक अक्षर तीन तुकड्यांत साठवले जाते; वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते तीन तुकडे म्हणजे तीन वेगळी पाश्चात्त्य अक्षरे आहेत अशी समजूत करून घेतली. सभासदांची यादी एक्सेलमध्ये उघडताना हा प्रकार हमखास आढळतो. तिथे फाइल नेहमीसारखी न उघडता माहिती आयात करण्याची सोय वापरावी आणि यूटीएफ-८ निवडावे. मराठी जशीच्या तशी परत येते.

आणि तसे रेघेचे अक्षर नसेल, साधी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच एकमेकांत मिसळलेली असतील, तर ते जुन्या फॉन्टचे लिखाण समजावे. आपल्या उदाहरणातले इतिवृत्त हे असेच. ते पुन्हा टाइप करीत बसू नये. वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवला, की फॉन्टचे नाव वर दिसते, मग तो फॉन्ट आपल्याकडे नसला तरी. नाव कळले म्हणजे अर्धे काम झाले. तो फॉन्ट मिळवता येतो, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, त्यांचा उपयोग करता येतो. नुसते वाचायचेच असेल, तर पाठविणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी. तिच्यात साधारणपणे फॉन्टही बरोबर येतो.

तिसरी तक्रार प्रश्नचिन्हांची, आणि खरी हानी झाली आहे ती इथे. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रॅमला देवनागरी माहीत नव्हती. त्याने प्रत्येक अक्षराचा क्रमांक पुसून त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले. आता कोणताही फॉन्ट घाला, कोणतीही सोय निवडा, गेलेले अक्षर परत यावयाचे नाही. मूळ पत्र पुन्हा मागवणे हाच उपाय. आणि म्हणूनच, श्रोतेहो, सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की विचित्र दिसणारी फाइल घाईने सेव्ह करू नका. चौकोन आणि कचरा या दोन्ही प्रकारांत पत्र शाबूत असते; पण तेच भलत्या पद्धतीने सेव्ह केले, तर त्याचीही प्रश्नचिन्हे होऊ शकतात. आधी प्रत काढावी, आणि प्रयोग करायचे ते प्रतीवर.

राहिले चौथे सभासद, ज्यांना पत्रच मिळाले नाही. इथे पत्राची वाट क्रमाने तपासावी. चिटणिसांनी प्रथम आपला आउटबॉक्स पाहावा. पत्र तिथेच पडलेले असेल तर ते घराबाहेरच पडले नाही. दोष आपल्या जोडणीत किंवा फाइलच्या आकारात असावा. आकाराबाबत एक बारकावा आहे. जोडलेली फाइल प्रवासासाठी साध्या अक्षरांत बदलली जाते, तेव्हा तिचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. त्यामुळे मर्यादा २५ एमबीची असली, तरी २० एमबीची फाइल नाकारली जाऊ शकते. पत्र गेले आणि परत आले, तर नकाराचा इंग्रजी मजकूर न वाचताच पुसून टाकू नये. त्यात एक तीन आकडी संख्या असते. ती ४ ने सुरू झाली तर अडचण तात्पुरती आहे, पत्र पुन्हा पाठविण्याचा प्रयत्न होत राहतो. ५ ने सुरू झाली तर नकार कायमचा. ५५० असेल तर बहुधा पत्ता चुकला आहे, ५५२ असेल तर पेटी भरली आहे किंवा पत्र मोठे झाले आहे. आणि पत्र गेलेही, परतही आले नाही, तर सभासदांना स्पॅमची पेटी पाहावयास सांगावे. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते, आणि ती पत्रे, छायाचित्रे व फाइली यांत वाटलेली असते. नातवंडांच्या चित्रफितींनी ती भरली, की सभेच्या सूचनेला जागा उरत नाही!

कधी कधी पेटीच उघडत नाही आणि जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना झळकते. अशा वेळी जुन्या संगणकाची तारीख अवश्य पाहावी. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित स्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. यंत्राच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. तारीख सुधारली की पेटी उघडते. पुढे ती बॅटरी बदलावी, म्हणजे झाले.

असे कोणी म्हणेल, की एवढा शोध घेण्यापेक्षा जाणकाराला फोन करावा. जरूर करावा, पण त्याचा क्रमांक कुठून घेतला हे पाहावे. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवे’च्या क्रमांकावर पलीकडे चोर बसलेला असू शकतो. तो आपल्या यंत्राचा ताबा मागतो, एखादे ॲप घालावयास सांगतो, आणि पत्र दुरुस्त करता करता बँकेचे खाते रिकामे करतो. ताबा किंवा ओटीपी मागणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

तेव्हा सारांश हा. आधी दोषाचे रूप पाहावे. मग तेच पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडून दोष यंत्रात की पत्रात हे ठरवावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला आपण पुन्हा तिथेच असतो. सानपाड्याच्या चिटणिसांनी या क्रमाने पाहिले, तर मूळ प्रत पुन्हा धाडावी लागेल ती प्रश्नचिन्हे मिळालेल्या सभासदांना. इतिवृत्ताची पीडीएफ करून द्यावी, चौथ्यांचा पत्ता आणि पेटी तपासावी. बाकीच्यांची सूचना त्यांच्याजवळ केव्हाच पोचलेली आहे.