सोळाशे मीटर, तेरा वेळा

पहाटे पाचला वस्तीजवळच्या कुठल्याही मैदानावर जा, धावणारी मुलंमुली दिसतील. बहुतेक पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरती लांबते, वर्ष-दोन वर्षं निघून जातात, पण धावण्याची सवय अंगात मुरते. मग कुणीतरी सांगतं, अमुक तालुक्याला हाफ मॅरेथॉन आहे, पहिल्या नंबराला रोख बक्षीस आहे. पोरगं नाव देतं. ती स्पर्धा कशीबशी पुरी झाली की लगेच पूर्ण मॅरेथॉनच्या गप्पा सुरू. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांना पहाटे उठवणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठीही.

अविनाश साबळे आपल्याला माहीत आहे तो ३००० मीटर स्टीपलचेसमुळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील वीटभट्टीवर काम करत. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. स्पर्धेतलं धावणं २०१५ च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून सुरू झालं, म्हणजे विशी ओलांडल्यावर. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याची एक शर्यत मात्र फारशी बोलली जात नाही. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये तो १ तास ३० सेकंदांत पोचला. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर तोडणारा तो पहिला भारतीय.

भरतीच्या पोरांना हा आकडा त्यांच्या भाषेत सांगतो. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साधारण ९८ मीटर. साबळेने प्रत्येक किलोमीटर सुमारे २ मिनिटं ५२ सेकंदांत काढला. म्हणजे १६०० मीटर ४ मिनिटं ३५ सेकंदांत. मैदानावर एवढ्या वेळेत एकदा १६०० मारणारा पोरगा गावात हिरो ठरतो. साबळेने ते न थांबता तेरा वेळा केलं, आणि वर थोडं उरलंच.

आता आपल्या पोराचा हिशेब मांडू. त्याचं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत होतं असं धरा. हाच वेग २१ किलोमीटर टिकला तर तो १ तास ८ मिनिटांत पोचेल. पण तो टिकत नाही. कुणाचाच टिकत नाही, कारण ते पाच मिनिटांचं धावणं छाती फुटेस्तोवरचं असतं. पहिल्या हाफ मॅरेथॉनला अशा मुलाने किलोमीटरला सव्वाचार मिनिटं धरून धावलं तर दीड तासाच्या आत, १ तास ४० सेकंद कमी ३० मिनिटांत नव्हे, बरोबर सांगायचं तर १ तास २९ मिनिटं ४० सेकंदांत तो संपवेल. पहिल्याच वेळी ही फार चांगली वेळ आहे. अडचण एवढीच की पहिले पाच किलोमीटर हा वेग त्याला हळू वाटतो. बाजूने माणसं पुढे जातात, अंगात भरतीचं मैदान संचारतं, आणि तो साडेतीनने सुटतो. बारा-तेरा किलोमीटरला पाय जड होतात. पुढचे आठ किलोमीटर जे होतं त्याला धावणं म्हणता येत नाही. म्हणून पहिले पाच किलोमीटर मुद्दाम आवरून धावायचे, आणि दम उरला असेल तर तो पंधराच्या पुढे काढायचा.

सरावातही हेच. भरतीचा पोरगा रोज जीव तोडून धावतो, रोज घड्याळ लावतो. हाफ मॅरेथॉनचं शरीर तसं घडत नाही. आठवड्यात पाच दिवस धावत असाल तर त्यातले तीन-चार दिवस हळू धावा. इतकं हळू, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. अशा धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. जोराचा सराव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. एक दिवस लांब पल्ल्याचा. तो दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढवा आणि चौथ्या आठवड्याला कमी करा. सलग पाच किलोमीटर आरामात धावणाऱ्याला पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी तीन-चार महिने द्यावे लागतात. दम लवकर वाढतो, हाडं मात्र हळू तयार होतात. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि विश्रांतीतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर पडायला सुरुवात झालेली असू शकते. तेव्हा तेल चोळून धावू नका. थांबा आणि डॉक्टरला दाखवा. आठ दिवसांची विश्रांती टाळली तर तीन महिने घरी बसावं लागतं.

बुटांबद्दल लोक फार विचारतात. दहा हजारांचे बूट लागत नाहीत. पायात नीट बसणारे, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले आणि तळ झिजलेला नसलेले बूट पुरतात. शक्य असेल तिथे मातीवर धावा. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट घालू नका.

बुटांपेक्षा मला काळजी रक्ताची वाटते. आपल्या वस्त्यांत, विशेषतः मुलींमध्ये, रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की त्याला कुणी आजार मानत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू पायांपर्यंत नेतं. तेच कमी असेल तर सराव करून उपयोग काय? मुलीचं १२ च्या खाली आणि मोठ्या मुलाचं १३ च्या खाली असेल तर आधी उपचार, मग लांब धावणं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जेवणात चवळी, मटकी, हरभरा, पालेभाजी, बाजरीची भाकरी असू द्या आणि वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. खाणाऱ्यांनी अंडी, सुकट, कलेजी जरूर खावी. जेवल्याबरोबर चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही. धावणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. आईने हे विचारलं पाहिजे, पोरगी आपणहून सांगत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. भरतीच्या काळात दम वाढवणारी इंजेक्शनं आणि पावडरी विकणारे फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. धावण्याआधी दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी घेणंही धोक्याचं आहे. घामाने पाणी गेलेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर घाव घालते.

स्पर्धेच्या दिवशी दोन-अडीच तास आधी चपाती-गूळ किंवा केळी, जे सरावात पचलेलं आहे तेच खा. तहान लागेल तसं घोट घोट पाणी घ्या. नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून ओआरएस जवळ ठेवा, नाहीतर लिटरभर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. छातीत दाब जाणवला, अंधारी आली, तर त्या क्षणी थांबा. धावता धावता कुणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. उन्हापुढे मोठमोठे खेळाडू हरले आहेत. ओ. पी. जैशाने २०१५ मध्ये बीजिंगला २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांत मॅरेथॉन धावून भारतीय विक्रम केला होता. पुढच्याच वर्षी रिओच्या उन्हात तिला बारा मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि रेषा ओलांडल्यावर ती कोसळली.

राहिली पूर्ण मॅरेथॉन. ४२.१९५ किलोमीटर म्हणजे दोन हाफ मॅरेथॉन, असं गणित करू नका. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरला संपत येते. शेवटचे बारा किलोमीटर वेगळीच शर्यत असते, आणि तिचा सराव वर्षा-दोन वर्षांत अंगात भिनतो. कविता राऊतचं पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या या मुलीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य जिंकलं. दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकून तिने ऑलिंपिकची पात्रता मिळवली ती २०१६ मध्ये, तिशीत. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर उलट वाटेने गेली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ओळीने तीन वर्षं पहिली आली आणि नंतर स्टीपलचेसकडे वळून रिओत अंतिम फेरीत धावली. अंतर बदलता येतं, घाई करायची गरज नसते.

शिवनाथ सिंग हे बिहारचे. तेही सैन्यातले, आणि तेही आधी ट्रॅकवरचे: १९७४ च्या आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचं सुवर्ण. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. १९७८ ला जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली. चाळीस वर्षं उलटून गेली तरी ती कुणा भारतीयाला मोडता आली नव्हती. त्या वेळेचा हिशेबही मैदानावरच्या भाषेत करून बघा: १६०० मीटर पाच मिनिटांत, सव्वीस वेळा.

तेव्हा अठरा पूर्ण नसतील तर ४२ चा विचारच नको. अठरा पूर्ण असतील तर आधी वर्षभरात दोन किंवा तीन हाफ मॅरेथॉन नीट धावा, दर रविवारी बक्षिसामागे नको. शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचापेक्षा जलद जायला लागले, दुखापतीशिवाय सहा महिने गेले आणि हिमोग्लोबिनचा कागद ठीक आला, की मग घरात बसून ४२ चं बोला. एका मॅरेथॉननंतर तीन आठवडे तरी जोराचा सराव करायचा नाही, आणि त्या काळात भरतीची तारीख येत नाही ना, ते नाव देण्याआधी बघून घ्या.