कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी हे बघा

रात्री नीट बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी सुरूच होत नाही. मुलीचा प्रोजेक्ट, बारशाचे फोटो, दुकानाचा हिशोब, सगळं त्यातच. घाबरून दुरुस्तीला नेला की बऱ्याचदा पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." आणि आपण हो म्हणून टाकतो.

पण कॉम्प्युटर सुरू न होणं आणि त्यातला डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे आधी बघायचं ते एवढंच, की तो नेमका कुठे अडतोय.

बटण दाबल्यावर पंखा नाही, लाईट नाही, काहीच नाही? मग मामला विजेचा. तोच प्लग दुसऱ्या बोर्डात लावून बघा. कॅबिनेटच्या (म्हणजे ज्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात त्या डब्याच्या) मागे एक छोटं बटण असतं, झाडलोट करताना ते बंद होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा. यानेही नाही झालं तर एसएमपीएस किंवा चार्जर गेलेला असू शकतो. एसएमपीएस घरी अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच, हा प्रकार घरोघरी दिसतो. सुरू होताना कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो: रॅम आहे का, डिस्प्ले आहे का. इथे काही खटकलं तर काही मशीन बीप वाजवतात. आधी मॉनिटरची केबल बघा. ती जागेवर असेल तर संशय रॅमवर. धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यामुळे रॅमच्या पट्टीचा संपर्क नीट होत नाही. प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढा, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवा, कण पुसा आणि 'टक' असा आवाज येईपर्यंत परत बसवा. कारागीरही हेच करतात, फक्त पैसे घेऊन.

तारीख-वेळ रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल संपलाय. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो.

लोगो येतो आणि तिथेच गाडी अडते? मग हार्डवेअर बहुतेक ठीक आहे, विंडोज अडलंय. आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा, कधीकधी कॉम्प्युटर त्यातूनच सुरू व्हायला बघत असतो. तरीही अडला तर लोगो दिसताच पॉवर बटण १० सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः दुरुस्तीची स्क्रीन दाखवतं. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. नुकतंच अपडेट झालं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. 'रीसेट' हा शेवटचा उपाय, आणि तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबलं की सगळं गेलं.

याच टप्प्यावर काही नव्या मशीन ४८ आकडी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतात. बायोसच्या सेटिंग बदलल्यावरही ती विचारली जाऊ शकते. घरच्या कॉम्प्युटरची ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघता येते. ती मिळाली नाही तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही उघडत नाही. म्हणून कॉम्प्युटर चालू आहे तोवरच ती वहीत उतरवून ठेवलेली बरी.

एक आवाज मात्र गंभीर. जुन्या हार्डडिस्कमधून सारखी 'टक-टक' येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, दर वेळी नुकसान वाढू शकतं. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

बाकी वेळी दुरुस्तीला देताना आधीच सांगा, "डेटा काढून दाखवा, मगच फॉरमॅट." डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फोटो कॉपी होतात. तुमच्यासमोर दोन-चार फोटो उघडून बघा, मग हो म्हणा.